बारावा नकार

सिस्टरबाईंच्या हातून उभ्या आयुष्यात एकही लस वाया गेली नव्हती, आणि ही गोष्ट त्या कुणाला विसरू देत नसत. कर्करोग विभागात बदली होण्याआधी तेवीस वर्षं त्यांनी लसीकरणात काढली होती. लशींची पेटी, पेटीच्या चारी बाजूंना बर्फ, मधोमध थर्मामीटर, आणि झाकण उघडायचं ते अगदी गरज पडली तरच. वीज जावो, गाडी बंद पडो, बाईंची पेटी कधी तापली नाही. त्याबद्दल मिळालेलं प्रशस्तिपत्रक त्यांच्या घरी टीव्हीच्या वर टांगलेलं होतं. रुग्णालयात लोक त्यांना पाठीमागे 'बर्फबाई' म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं आणि, खरं सांगायचं तर, आवडतही होतं.

कर्करोग विभाग म्हणजे तळमजल्यावरच्या चार खोल्या. एकीत डॉक्टर, एकीत सलाइनच्या सहा खुर्च्या, एकीत सामानसुमान आणि चौथीत सिस्टरबाई, त्यांचं टेबल, फोन आणि एक जाडजूड रजिस्टर. पाच तासांच्या अंतरावरच्या मोठ्या शहरात फुप्फुसाच्या कर्करोगावरच्या एका नव्या गोळीची ट्रायल चालू होती. ज्यांना जुनी औषधं लागू पडेनाशी झाली, अशांसाठी ती गोळी होती. नियमात बसेल त्याला मिळणार, न बसेल त्याने घरी जायचं. या छोट्या रुग्णालयाचं काम एवढंच, की बसेल असा रुग्ण शोधायचा, त्याला सगळं समजावून सांगायचं, त्याची संमती घ्यायची आणि पहिलं रक्त काढून संध्याकाळच्या बसने शहराकडे पाठवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिथल्या प्रयोगशाळेत तपासलं जाई. रक्त कसं न्यायचं हे बाईंना कुणी शिकवायची गरजच नव्हती. त्यांनी माळ्यावरची लशींची जुनी पेटी खाली काढली, घासूनपुसून लख्ख केली आणि चारी बाजूंनी बर्फ भरला.

चौदा महिन्यांत त्यांनी अकरा जणांचं रक्त पाठवलं. अकराच्या अकरा जणांना नकार आला. कारण प्रत्येक वेळी तेच, रक्तात पोटॅशियम जास्त. ते वाढलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि नव्या गोळीने तोच धोका आणखी थोडा वाढतो, म्हणून नियम कडक होता. ठरलेल्या आकड्याच्या वर गेलात की विषय संपला. रक्त एकदा पुन्हा पाठवायची मुभा असे. तेव्हा बाई बर्फ दुप्पट भरत, आणि आकडा काही केल्या खाली येत नसे. शहरातल्या ट्रायलच्या डॉक्टर मॅडम फोनवर विचारत, तुमच्याकडच्या पाण्यात आहे तरी काय?

बाईंनी आपल्या परीने उपाय काढला होता. त्यांनी रुग्णांची केळी बंद केली, बटाटे बंद केले, टोमॅटो बंद केले. एका निवृत्त मुख्याध्यापिकांना तर त्यांनी एका केळ्यावरून असं फैलावर घेतलं होतं, की त्या शाळेतल्या मुलीसारख्या खाली मान घालून बसल्या. गंमत अशी, की आठ दिवसांनी आपल्याच प्रयोगशाळेत तपासलं तर आकडा व्यवस्थित उतरलेला असे. मग बाई ऐटीत म्हणत, बघा, पथ्याचा गुण. पण शहराला फक्त शहरातला अहवाल चाले. इथल्या कागदाला तिथे कोण विचारतो?

बारावे होते किल्लीवाले. रुग्णालयाच्या फाटकासमोरच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं, एक माणूस आत बसला की दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं एवढं. भिंतभर किल्ल्या टांगलेल्या. रुग्णालयातली निम्मी कपाटं त्यांनी कधी ना कधी उघडून दिली होती आणि प्रत्येक वेळी, आत काही नव्हतंच की हो, असं म्हणून हसले होते. दीड वर्षांपूर्वी खोकला आला तो गेलाच नाही. पहिलं औषध वर्षभर चाललं, दुसरं तीन महिने. आता डॉक्टरांनी त्यांना आणि त्यांच्या बायकोला, म्हणजे सगळ्यांच्या वहिनींना, समोर बसवून सरळ सांगितलं होतं, की हातात राहिलंय ते म्हणजे ती ट्रायलची गोळी. तिचे प्रवेश अठरा दिवसांत बंद होणार होते.

बाईंनी रक्त काढलं, पेटी भरली, बसमध्ये स्वतः ठेवून आल्या. त्याच सकाळी किल्लीवाल्यांना दोनदा उलटी झाली होती, म्हणून डॉक्टरांनी अंगातले क्षार इथेच तपासायला सांगितले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी शहराचा फोन आला. पोटॅशियम सहा पूर्णांक दोन. नकार.

ही बातमी फोनवर सांगायची नाही, हा बाईंचा नियम होता. त्या गल्लीत गेल्या. किल्लीवाले कानस घेऊन एक किल्ली घासत होते, वहिनी बाहेर स्टुलावर बसल्या होत्या. बाईंनी आकडा सांगितला आणि सवयीने केळ्यांवर आल्या. वहिनींनी त्यांना मध्येच थांबवलं. उठून त्यांनी खणातून एक घडी घातलेला कागद काढला आणि पुढे केला. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचा कागद होता तो, शहराला रक्त गेलं त्याच दिवशीचा. पोटॅशियम चार पूर्णांक तीन.

"सिस्टर, हाताला सुई दोनदा टोचली, पण हात एकच होता ना?" वहिनी म्हणाल्या.

बाईंना लगेच कळलं, की दोष कुणाचा आहे. प्रयोगशाळेतल्या तात्यांचा! तात्या म्हणजे रुग्णालयातला नाकावर माशी न बसू देणारा माणूस. तीस वर्षं एकाच खोलीत एकाच खुर्चीवर बसून रक्त तपासत आलेले. बाई तणतणत त्यांच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, की तुमचं यंत्र चुकतंय. तात्यांनी चष्मा कपाळावर चढवला. आपल्या यंत्राचं आदल्या आठवड्यातलं प्रमाणपत्र दाखवलं, सकाळच्या चाचणीच्या नोंदी दाखवल्या आणि मग शांतपणे विचारलं, की तुम्ही रक्त पाठवता कसं? बाईंनी अभिमानाने सांगितलं. तात्यांनी सुई आणि नळ्या पुढ्यात ओढल्या.

"चोर सोडून संन्याशाला फाशी देताय तुम्ही," ते म्हणाले. "बाही वर करा."

तात्यांनी बाईंच्याच दंडातून तीन नळ्या रक्त काढलं. एक तिथल्या तिथे तपासलं, चार पूर्णांक एक. दुसरी टेबलावर ठेवली. तिसरी बाईंच्या हातून बाईंच्याच पेटीत, बाईंच्याच पद्धतीने बर्फात ठेवायला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई वेळेच्या आधी हजर झाल्या. टेबलावरच्या नळीतला आकडा थोडासाच हलला होता. पेटीतल्या नळीत पाच पूर्णांक नऊ.

तात्यांनी समजावून सांगितलं, तेही न खेकसता, म्हणजे प्रकरण किती गंभीर असेल बघा. पोटॅशियम रक्ताच्या पेशींच्या आत भरलेलं असतं. पेशी जिवंत आहे तोवर ती ते आत ओढून धरते. पण थंडीत तिचे हात गारठतात आणि पोटॅशियम हळूहळू बाहेर पाझरतं. पेशी फुटत नाही, रक्ताचा रंग बदलत नाही, म्हणून बघणाऱ्याला शंकाही येत नाही. आधी यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या काढायच्या आणि वरचं पाणी तेवढं पाठवायचं, ही खरी रीत. शहराने दिलेल्या ट्रायलच्या सूचनांच्या पुस्तिकेत ती लिहिलेली नव्हती, कारण शहरात रक्त काढायची खोली आणि तपासायची खोली समोरासमोर होत्या. मध्ये कुठे पाच तासांचा प्रवास आणि अख्खी रात्र असेल, हे पुस्तिका लिहिणाऱ्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पायाखालची वाळू सरकते म्हणतात ती अशी. अकरा जण. बाईंनी जितकी काळजी घेतली तितकं त्यांचं नुकसान झालं होतं. आणि त्या अकरा जणांना त्यांनी वर केळ्यांवरून झापलं होतं.

त्या संध्याकाळी बाईंना जेवण गेलं नाही. त्यांच्या सासूबाई चौऱ्याऐंशीच्या, कानाने ठणठणीत, सुनेचा चेहरा वाचण्यात मुरलेल्या. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि काय झालं ते काढून घेतलं. बाईंचा नवरा म्हणाला, की निवृत्तीला आठ महिने राहिलेत, जरा जपून. सासूबाईंनी मुलाला गप्प केलं आणि एवढंच विचारलं, की त्या अकरांतले अजून किती आहेत? बाईंना आकडा माहीत नव्हता. "मग आधी तो काढ," सासूबाई म्हणाल्या. "रडायला नंतर बस."

सकाळी बाईंनी फोन करून आकडा काढला. चार जण गेले होते. सात होते.

मग त्यांनी शहरातल्या मॅडमना फोन लावला. मॅडम वाईट बाई नव्हत्या, फक्त दमलेल्या होत्या. सगळं त्यांनी ऐकून घेतलं. नंतर त्यांनी एक वाट सुचवली. किल्लीवाल्यांना उद्या शहरात घेऊन या, इथे रक्त काढू, आकडा बरोबर येईल, प्रवेश होऊन जाईल. कागदावर पथ्याने पोटॅशियम उतरलं असं लिहू. कारण चूक झाली असं लिहिलं, तर प्रकरण ट्रायलवर देखरेख ठेवणाऱ्या समितीकडे जाणार. समितीचा निर्णय होईपर्यंत तुमच्या रुग्णालयातून कुणालाच घेता येणार नाही, त्यांनाही नाही. आणि प्रवेश बंद व्हायला पंधरा दिवस उरलेत.

बाईंनी विचारलं, की मग बाकीच्या सातांचं काय? मॅडम म्हणाल्या, त्यांचे नकार नोंदलेले आहेत.

हा निर्णय आपला नाही, एवढं बाईंना कळत होतं. त्या पुन्हा गल्लीत गेल्या. आधी त्यांनी आपली चूक सांगितली, आडपडदा न ठेवता. मग दोन्ही वाटा सांगितल्या. वहिनींचा निर्णय तर ऐकता ऐकताच झाला होता. आपल्या माणसाला आधी आत घ्या, मग जगाचं काय ते बघा, असं त्या स्पष्ट म्हणाल्या, आणि त्यांना कोण नावं ठेवणार? किल्लीवाले मात्र हातातली किल्ली दिव्याकडे धरून तिचे दात बघत होते.

"दार उघडत नाही म्हणून अकरा माणसं परत पाठवलीत," ते म्हणाले, "आणि आता कळतंय की कुलूप चांगलं होतं, किल्ली वाकडी होती. मग मला एकट्याला खिडकीतून घेऊन कसं चालेल?"

"अहो, पंधरा दिवस आहेत," वहिनी म्हणाल्या.

"माझं सगळं आयुष्य लोकांची दारं उघडण्यात गेलंय. खोटं लिहून एक दार उघडायचं आणि ते गोळी घेताना रोज आठवायचं, हे मला जमणार नाही. सिस्टर, सांगून टाका. पण लवकर सांगा."

वहिनी उठून आत गेल्या. दुकानाला आत असं काही नव्हतंच, त्या नुसत्याच भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. बाईंना वाटलं, की या बाईसाठी तरी आपल्याला जिंकलंच पाहिजे.

त्यांनी त्याच दुपारी चार पानी निवेदन लिहिलं आणि पाठवलं. मॅडमनी आढेवेढे घेतले नाहीत, उलट सहा दिवसांत समितीची तातडीची बैठक लावून घेतली. तात्या म्हणाले, की समितीपुढे रडगाणं घेऊन जायचं नाही, आकडे घेऊन जायचं. बाईंच्या एका दंडावरून कुणी नियम बदलणार नाही. तीस दंड तरी हवेत.

मग रुग्णालयात जे झालं ते बघण्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेबाहेर रांग लागली. सफाई करणाऱ्या बायका होत्या, फाटकावरचा पहारेकरी होता, औषधं देणारा, धोबी, दोन शिकाऊ डॉक्टर, आणि रांगेत सगळ्यात शेवटी, सुईला घाबरून, खुद्द वैद्यकीय अधीक्षक. पहारेकऱ्याने त्यांना दोनदा पुढे जायला सांगितलं, दोन्ही वेळा ते म्हणाले, नाही नाही, नियम म्हणजे नियम. तात्यांनी प्रत्येकाच्या तीन नळ्या घेतल्या. एक ताबडतोब इथे तपासली. दुसरी यंत्रात फिरवून, वरचं पाणी वेगळं काढून शहराकडे पाठवली. तिसरी अख्खीच्या अख्खी बाईंच्या बर्फाच्या पेटीत. ती पेटी बाईंनी भरली नेहमीच्याच चोखपणे, कारण चूक सिद्ध करायची तर तीसुद्धा नीट करायला हवी.

बैठक पडद्यावर होती. अधीक्षकांच्या खोलीत बाई, तात्या आणि डॉक्टर एका टेबलापाशी दाटीवाटीने बसले. पडद्यावर चौकटी. एकीत समितीच्या अध्यक्षा, पांढऱ्या केसांच्या, बारीक आवाजाच्या. एकीत औषध कंपनीचा माणूस, एकीत मॅडम, बाकी सदस्य. प्रवेश बंद व्हायला नऊ दिवस उरले होते.

बाई पाठ केलेलं सगळं विसरल्या. त्यामुळे त्यांनी जे झालं तेच क्रमाने सांगितलं. तेवीस वर्षं लसी, मग पेटी, मग बर्फ, मग अकरा माणसं. चार जण आता नाहीत हेही त्यांनीच सांगितलं, कुणी विचारायच्या आधी. कंपनीच्या माणसाने घसा खाकरून विचारलं, की म्हणजे चूक तुमची होती, असं आम्ही नोंदवायचं का?

"हो," बाई म्हणाल्या. "बर्फ मी भरला. भरा असं मला कुणी सांगितलं नव्हतं."

"आणि भरू नका, असं सांगितलं होतं?" अध्यक्षांनी विचारलं.

मॅडमनी आपल्या चौकटीतून उत्तर दिलं, की नाही, आमच्या पुस्तिकेत तसं एक अक्षरही नाही, आणि ती पुस्तिका मी लिहिली आहे. ते बोलायला त्यांना जड गेलं असणार, पण त्या बोलल्या. बाईंच्या मनातला त्यांच्याबद्दलचा राग तिथल्या तिथे निवळला.

मग तात्यांनी आकडे मांडले. इथे तपासलेल्या तीस नळ्यांमधले तिसांचे तीस आकडे नियमात होते. पेशी काढून शहराकडे पाठवलेल्या तीस नळ्यांचे शहराच्या प्रयोगशाळेने काढलेले आकडेही जवळजवळ तेच होते. बर्फाच्या पेटीतून गेलेल्या तिसांपैकी अठ्ठावीस मात्र ट्रायलसाठी अपात्र ठरले होते. अठ्ठाविसांत रोज सकाळी दहा किलोमीटर पळणारा शिकाऊ डॉक्टर होता, आणि अधीक्षकही होते. मागे उभे असलेले अधीक्षक नकळत स्वतःच्या छातीला हात लावून बघू लागले, ते पडद्यावर सगळ्यांना दिसलं आणि अध्यक्षांना हसू आवरलं नाही.

कंपनीचा माणूस हसला नाही. त्याचं म्हणणं असं, की छोट्या गावातली प्रयोगशाळा, तिच्यावर भरवसा किती ठेवायचा? माइक बंद आहे अशा समजुतीने तात्या बाईंच्या कानाशी पुटपुटले, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. चौदा महिने माझ्या दारावरून रक्त शहराला गेलं, आणि मी इथेच बसलो होतो." माइक चालू होता.

अध्यक्षांनी ते वाक्य कार्यवृत्तात घ्यायला सांगितलं. मग त्यांनी तात्यांना सलग वीस मिनिटं प्रश्न विचारले. यंत्र कुठलं, तपासणी केव्हा, वीज गेली तर काय, नोंदी कोण ठेवतं. तात्यांना आयुष्यात कुणी इतक्या आदराने इतकं खोदून विचारलं नव्हतं. ते उत्तरं देत गेले आणि देता देता खुर्चीत ताठ होत गेले. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, की ज्या रुग्णाचा प्रवेश अडला आहे तो दर आठवड्याला शहरात येऊ शकतो का? डॉक्टरांनी खरं सांगितलं. त्याच्या पाठीच्या हाडात दुखणं आहे, पाच तास बसून एकदा कसंबसं येईल, दर आठवड्याला येणं त्याला शक्य नाही. पण दर आठवड्याची तपासणी म्हणजे रक्त आणि हृदयाचा आलेख, आणि ही दोन्ही यंत्रं आमच्याकडे आहेत.

"म्हणजे तो आपल्याकडे यायच्याऐवजी ट्रायलच त्याच्याकडे गेली, तर काय बिघडतं ते मला कुणीतरी सांगा," अध्यक्षा म्हणाल्या.

निर्णय तिसऱ्या दिवशी कागदावर आला. या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचा अहवाल यापुढे ग्राह्य. पहिल्या आठ आठवड्यांच्या तपासण्या इथेच, मॅडम पडद्यावरून हजर राहतील. बर्फामुळे दिलेले सगळे नकार रद्द, आणि त्या रुग्णांची पुन्हा तपासणी होईपर्यंत प्रवेशाची मुदत तीन आठवडे वाढवलेली. बाईंनी कागद दोनदा वाचला, मग उठून खोलीचं दार लावलं आणि पाच मिनिटं मनसोक्त रडल्या. आता सासूबाईंची हरकत नव्हती.

किल्लीवाल्यांचं रक्त तात्यांनी स्वतः काढलं आणि स्वतः तपासलं. चार पूर्णांक चार. बाकीचे नियमही जुळले. सोमवारी सकाळी सलाइनच्या खोलीत पहिली गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली गेली. ती उलटीसुलटी करून बघत ते म्हणाले, की एवढीशी आहे होय! वहिनींनी पाण्याचा पेला पुढे केला आणि ते गोळी गिळत असताना त्यांच्या गळ्याकडे बघत राहिल्या, ती खाली उतरेपर्यंत.

सात जणांच्या घरी बाई स्वतः गेल्या. पण त्याआधी त्या उरलेल्या चार घरी गेल्या, ज्यांना आता काही देता येणार नव्हतं. जा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टर तर म्हणाले होते, की कशाला स्वतःला छळून घेता? पाट्या रंगवणारा एक माणूस होता, तीन महिन्यांपूर्वी गेलेला. त्याची बायको शिवणयंत्रावर बसली होती. बाईंनी उभ्यानेच सगळं सांगितलं. यंत्र थांबलं.

"गोळी मिळाली असती तर वाचले असते?" तिने विचारलं.

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. "पण मिळायला हवी होती. माझ्यामुळे मिळाली नाही."

ती खूप वेळ कापडावरची शिवण बोटाने चाचपत राहिली. मग तिने विचारलं, की जे अजून आहेत त्यांच्याकडे जाऊन आलात का? बाई म्हणाल्या, उद्या जाणार आहे. "मग इथे काय उभ्या राहिलात?" ती म्हणाली. "आजच जा." तिने माफ केलं की नाही ते बाईंना कळलं नाही, आणि विचारायचा हक्क आपल्याला नाही हे त्यांना कळत होतं. पण त्या आजच गेल्या.

पहिल्यांदा मुख्याध्यापिकांकडे. दारातच बाईंनी केळ्यांबद्दल माफी मागितली. मुख्याध्यापिकांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, की चाळीस वर्षं मी मुलांना सांगत आले, उत्तर चुकलं तर आधी गणित कसं मांडलंय ते बघा. मग त्यांनी नातीला हाक मारली आणि बाजारातून एक डझन केळी आणायला सांगितली. सातांपैकी एकाला आता गोळी नको होती, त्याला घरीच राहायचं होतं, आणि बाईंनी ते मान्य केलं. एकाचं यकृत नियमात बसलं नाही. पाच बसले. किल्लीवाले धरून सहा.

महिन्याभराने मॅडमचा फोन आला. ही ट्रायल आणखी नऊ छोट्या गावांतून रुग्ण घेत होती, आणि त्यांतल्या चार ठिकाणी रक्त बर्फातच येत होतं. चांगल्या मनाच्या, कामाला पक्क्या परिचारिका सगळ्या. नाकारलेल्यांची यादी एकेचाळीस जणांची होती, आणि त्यांच्यासाठीही समितीने मुदत वाढवली होती. मॅडमनी विचारलं, की नवी पुस्तिका आम्ही लिहिली आहे, पण या चौघींना तुम्ही सांगाल का? माझ्याकडून ऐकलं तर त्या खचतील. बाईंनी पहिला नंबर फिरवला. पलीकडून एका तरुण मुलीचा घाबरलेला आवाज आला. "अगं, मी रागवायला फोन केलेला नाही," बाई म्हणाल्या. "तू जे केलंस तेच मी चौदा महिने केलं. आता वही घे आणि तुझ्याकडची नावं सांग."

आठ आठवडे पूर्ण झाले तेव्हा सहाही जणांचे स्कॅन झाले. अहवाल डॉक्टरांकडे आले आणि किल्लीवाल्यांना पहिल्यांदा आत बोलावलं. बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. बाकीचे पाच जण आपापल्या माणसांसह बाहेर बाकांवर बसले होते. डॉक्टरांनी वाचलं. फुप्फुसातली गाठ सेहेचाळीस मिलिमीटर होती, आता एकोणीस. पाठीच्या हाडात नवं काही नाही.

"पुन्हा वाचा," वहिनी म्हणाल्या. डॉक्टरांनी पुन्हा वाचलं. वहिनींनी दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरली होती.

किल्लीवाल्यांनी मान वळवून दाराकडे पाहिलं. "आता जरा मोठ्याने वाचा," ते म्हणाले. "बाहेर बसलेत ना ते. त्यांना ऐकू जाऊ दे."

बाईंनी दार सताड उघडलं. डॉक्टरांनी तिसऱ्यांदा वाचलं, वर्गात वाचतात तसं, खणखणीत. सेहेचाळीस. एकोणीस. मग बाकांवरून जो गलका उठला तो ऐकून पहारेकरी भांडण सोडवायला धावत आला. कुणी टाळ्या वाजवत होतं, कुणी वहिनींना मिठी मारत होतं. तात्या प्रयोगशाळेच्या दारात चष्मा कपाळावर चढवून उभे होते आणि डोळ्यांत काहीतरी गेल्याचा बहाणा करत होते.

त्या गलक्यातून मुख्याध्यापिका उठल्या. काठी टेकत दारापाशी आल्या, पदर सारखा केला आणि डॉक्टरांसमोर उभ्या राहिल्या.

"आता माझा वाचा," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी दुसरं पाकीट हातात घेतलं. ते आधीच उघडलेलं होतं, आणि डॉक्टर हसत होते.